दोन रुळांमधली फट

मित्रांनो, जरा मागे सरका. असं नाही, त्या पिवळ्या पट्ट्याच्या पलीकडे. मी बंद आहे, माझी वीज कधीच तोडली आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण जवळ बोटं आली की मला धडकी भरते. मी एक जुनी छपाईची मशीन आहे. माझ्या जातीला रोटरी ऑफसेट म्हणतात. लातूरला मी वीस-पंचवीस वर्षं वर्तमानपत्र छापलं, आणि आता तुमच्यासारख्या मुलांना दाखवण्यापुरती या तंत्रनिकेतनाच्या शेडमध्ये उभी आहे. उभी आहे, पण स्वस्थ नाही. स्वस्थ राहणं मला कधी जमलंच नाही. रस्त्यावरून ट्रक गेला तरी माझे नटबोल्ट आतल्या आत थरथरतात.

या अस्वस्थपणाचं कारण माझ्या पोटात आहे. खाली वाकून बघा, दिसेल. तिथे चार पोलादी रूळ आहेत, एकावर एक. कारागीर त्यांना सिलिंडर म्हणतात. सगळ्यांत वरच्या आणि सगळ्यांत खालच्या रुळावर अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा बसतो. ती प्लेट. छापायचा मजकूर तिच्यावर असतो. मधल्या दोन रुळांवर रबराची जाड चादर ताणून बसवलेली असते. तिला सगळे ब्लँकेट म्हणतात, थंडीत पांघरता येत नाही तरीही. शाई लावलेली प्लेट कागदाला कधी शिवत नाही. ती आपला मजकूर रबराला देते आणि रबर तो कागदाला देतं. कागद त्या दोन रबरी रुळांच्या मधून धावतो आणि एकाच वेळी दोन्ही अंगांनी छापून निघतो.

आता नीट ऐका. त्या दोन रुळांमध्ये एक फट लागते. किती? कागदाच्या जाडीहून किंचित कमी. वहीचं पान चिमटीत धरून बघा. वर्तमानपत्राचा कागद त्याहूनही पातळ असतो. फट जास्त झाली तर अक्षरं पुसट उठतात. कमी झाली तर रबर चेंगरतं, अक्षरं फुगतात, कागदाला सुरकुत्या पडतात आणि तो फाटतो. ही फट कमी-जास्त करायला माझ्या दोन्ही टोकांना एकेक स्क्रू आहे, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्हीकडची फट सारखी असावी लागते. एका बाजूने जरी फरक पडला तरी माझं सगळं अंग तिरपं होतं. ताशी दहा हजार प्रती काढायच्या आणि एवढ्याशा फटीवर लक्ष ठेवायचं! सांगा, मी स्वस्थ कशी राहणार?

माझा जन्म फरिदाबादच्या एका कारखान्यात झाला. पहिली काही वर्षं मी हैदराबादेत एका तेलुगू दैनिकाची चाकरी केली. त्यांनी मोठी मशीन आणली आणि मला विकायला काढलं. तेव्हा लातूर जिल्हा नुकताच झाला होता. एकोणीसशे ब्याऐंशी सालची गोष्ट. त्याआधी कचेरीचं प्रत्येक काम उस्मानाबादला जाऊन करावं लागे. माधवराव नावाचे एक निवृत्त शिक्षक गावात साप्ताहिक चालवत. ते म्हणाले, "जिल्हा झाला, कलेक्टर आला, कोर्ट आलं. मग आपली बातमी सोलापूरहून का यावी?" त्यांनी सायंदैनिक काढायचं ठरवलं आणि मला दोन ट्रकांत घालून आणलं.

माझ्याबरोबर बिदरकडचा वीरण्णा नावाचा फिटर आला होता. त्याने महिनाभर राहून मला जोडलं आणि रेणापूरच्या साहेबरावांना शिकवलं. साहेबराव तेव्हा पस्तिशीचे असतील. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायच्या छापखान्यात त्यांची पंधरा वर्षं गेली होती. वीरण्णाने त्यांना फट तपासायची रीत दाखवली. कागदाच्या दोन लांब पट्ट्या घ्यायच्या, एक डाव्या टोकाला, एक उजव्या टोकाला रुळांच्या मध्ये सरकवायची, रूळ दाबावर आणायचे, म्हणजे एकमेकांवर टेकवायचे, आणि समोर उभं राहून दोन्ही पट्ट्या दोन्ही हातांनी एकदमच ओढायच्या.

"जोर नको, साहेबराव," वीरण्णा म्हणाला. "लेकराच्या मुठीतनं आपलं बोट सोडवतो का न्हाई? तसं निघाय पाहिजे. सहज आली, फट मोठी. फाटली, तर तू चप्पल घाल आणि घरी जा."

"आणि ह्या पोलादी पात्याचं काय करू?" साहेबरावांनी मापाची डबी उघडून विचारलं. तिच्यात वेगवेगळ्या जाडीची पाती होती, फटीत घालून बघायची.

"ते बोटं नसलेल्या माणसासाठी!" वीरण्णा हसला. डबी फळीवर गेली ती गेली.

ते दिवस सुखाचे होते. वर्षातून दोनदा माझं सगळं अंग पुसून निघे. दसऱ्याला माधवराव गुरुजी झेंडूचं तोरण बांधत. चौदा एप्रिलला साहेबराव पांढरा सदरा घालून येत, पहिल्यांदा मला पुसत आणि मग मिरवणुकीला जात. दुपारी दोनला माझी घंटा वाजे, तीनच्या एसटीने गठ्ठे निघत. लोक म्हणत, "गुरुजी, अक्षर काय टपोरं आलंय!" गुरुजी साहेबरावांकडे बोट दाखवत. साहेबराव माझ्याकडे.

किनवटच्या वसतिगृहात शिकून आलेली पंचशीला आमच्याकडे प्लेटा बनवायची. ती अंधाऱ्या खोलीत काम करी आणि बाहेर आली की डोळे किलकिले करत साहेबरावांना विचारी, "मामा, आज मशीन काय म्हणून राहिली?" साहेबराव म्हणत, "भूक लागली म्हणती. आण प्लेट."

जिल्हा होऊन चौथं वर्ष लागलं आणि पावसाने तोंड फिरवलं. पुढच्या वर्षीही तेच. विहिरी आटल्या, गावोगावी टँकर सुरू झाले. कोणत्या गावाला कोणत्या दिवशी टँकर जाणार याची यादी कचेरीतून येई, आणि ती आम्ही रोज पहिल्या पानावर अगदी उजव्या रकान्यात छापत असू. आता लोक बातमीसाठी नाही, त्या रकान्यासाठी पेपर घेत.

मित्रांनो, मलाही पाणी लागतं. प्लेट सतत ओली ठेवावी लागते, नाहीतर कोऱ्या जागेवरही शाई चढते. बोअरचं पाणी जड झालं, माझ्या रुळांवर पांढरा थर बसू लागला आणि छपाई बिघडली. तेव्हा गुरुजींच्या पत्नी चंद्रप्रभाबाई घरच्या पिण्याच्या पाण्यातली एक घागर रोज माझ्यासाठी पाठवू लागल्या. बाहेर बायका चार-चार तास रांगेत उभ्या आणि मी इथे पिण्याचं पाणी पिते! ते पाणी माझ्या अंगावरून ओघळताना मला लाजेने गुदमरल्यासारखं व्हायचं. वाटे, निदान नीट छापावं.

पण नीट छापणं होईना. पाणी बदललं तरी होईना. कागद उजवीकडे सरके, सुरकुते आणि फाटे. दिवसातून एकदा, मग तीनदा, मग सातदा. साहेबराव रोज सकाळी दोन पट्ट्या घालत, ओढत, मान हलवत आणि उजवा स्क्रू आणखी थोडा आवळत. मी कळवळून आवाज करी. ते म्हणत, "गप गं."

कारण मला कळलं ते एका रक्ताच्या थेंबामुळे. कागद ओवताना त्याची कड साहेबरावांच्या उजव्या बोटाला चिरून गेली. ते तसेच काम करत राहिले. पांढऱ्या कागदावर लाल ठिपके उमटत गेले. पंचशीलाने एक प्रत उचलली.

"मामा, हे काय?"

"शाई असंल."

"लाल शाई आपण कधी आणली, मामा? आपला पेपर तर जन्माचा काळा."

साहेबरावांनी आपल्या हाताकडे पाहिलं, मग पटकन तो खिशात घातला. मला तेव्हा समजलं. वर्षानुवर्षं रॉकेलने माझे रूळ पुसून, शिवाय नंतर जडलेल्या साखरेच्या आजाराने, त्यांच्या उजव्या हाताची बोटं बधिर झाली होती. डाव्या हाताला पट्टी घट्ट लागे, उजव्याला काहीच लागत नसे. त्यांना वाटे, उजवीकडे फट मोठी आहे. फट मोठी नव्हतीच. त्या बोटांत आता काही उरलं नव्हतं, आणि त्याची शिक्षा मी भोगत होते. मला ओरडून सांगायचं होतं. पण मशीनला शब्द नसतात, खडखडाट असतो, आणि त्या खडखडाटाचा ते एकच अर्थ काढत: आणखी आवळा.

एके दिवशी रेणापूरकडून केवळाबाई नावाची बाई पेपरची घडी हातात घेऊन थेट छापखान्यात शिरली. पायात चप्पल नव्हती.

"कोण छापतंय हे?" तिने विचारलं.

"मी," साहेबराव म्हणाले.

"मग वाचून दाव. आमच्या वस्तीला टँकर कधी हाय? मास्तर म्हणला, वाचता येत न्हाई, सगळा काळा डाग हाय. मला वाटलं, आमच्या वस्तीचं नाव मुद्दाम पुसलंय."

साहेबरावांनी कागद दूर धरला, जवळ धरला. उजवा रकाना चिरडलेला होता, अक्षरात अक्षर मिसळलेलं. पंचशीलाने मूळ यादी आणून वाचली. "आजी, तुमचा टँकर काल होता."

 केवळाबाईने पेपरची घडी परत नीट घातली, काखेत धरली आणि पाणी न मागता निघून गेली. त्या दिवशी दुपारी मी चालले खरी, पण माझी लय सुटलेली होती.

संध्याकाळी गुरुजींनी विचारलं, "साहेबराव, काय झालंय हिला?"

साहेबराव जमिनीकडे बघत म्हणाले, "म्हातारी झाली मशीन, गुरुजी. हिचं आता काय खरं न्हाई."

मित्रांनो, हातोड्याचे घाव मी खूप सोसले. हे सोसवलं नाही. पण त्यांच्याकडे बघून रागही येईना. मशीन बरी आहे म्हटलं तर बोटांची गोष्ट बाहेर येणार, आणि बोटं गेलेल्या माणसाला मशीनवर कोण ठेवतं? मशीन वाईट म्हटलं तर मी जाणार. ते दोन रुळांच्या मध्ये सापडले होते.

गुरुजींनी जुन्या मशिनी घेणाऱ्या सिद्रामप्पाला निरोप पाठवला. तो शनिवारी येणार होता.

शुक्रवारी पंचशीलाने वापरलेल्या प्लेटांचा गठ्ठा साहेबरावांसमोर ठेवला. "मामा, ह्या आठवडाभराच्या. एक गोष्ट बघा. सगळ्या उजव्या कडेलाच झिजून राहिल्या. डावीकडचं अक्षर अजून नवंकोरं आहे. म्हातारी झाली असती, तर दोन्हीकडून झाली असती न्हाई का?"

"तू प्लेटा कर. मशीन मला शिकवू नको."

"शिकवत न्हाई. विचारून राहिले."

"हाव, कळलं. जा."

ती गेली. साहेबरावांनी एक प्लेट उचलली आणि तिच्या उजव्या कडेवरून बोट फिरवलं. मग डाव्या हाताचं बोट फिरवलं. बराच वेळ ते तसेच, एकदा हे बोट, एकदा ते बोट, करत बसले.

शनिवारी सकाळी अकरालाच सिद्रामप्पा आला. पोट सुटलेला, बोलका माणूस. त्याने माझ्या बाजूच्या पत्र्यावर थाप मारली. "लोखंड चांगलं हाय, गुरुजी. पण लोखंडाच्या भावानंच घेईन. चालवून दावा एकदा, म्हणजे माझ्या मनाला बरं वाटेल."

"चालवा, साहेबराव," गुरुजी हलक्या आवाजात म्हणाले.

साहेबरावांनी दोन पट्ट्या कापल्या. दोन्ही टोकांना सरकवल्या. रूळ दाबावर आणले. नेहमीप्रमाणे दोन्ही हात पुढे गेले आणि मध्येच थांबले. मी श्वास रोखून होते, मशीनला जेवढा रोखता येतो तेवढा.

"पंचशीला," ते म्हणाले, "इकडं ये. उजवी पट्टी तू ओढ."

"मी?"

"तूच. मी डावी ओढतो. जोर नको लावू. लेकराच्या मुठीतनं बोट काढतो तसं."

त्यांची पट्टी अडखळत, हळूच निघाली. पंचशीलाने तिची ओढली. निघेना. पुन्हा ओढली. पट्टी टर्रकन फाटली आणि अर्धा तुकडा तिच्या हातात राहिला.

"घट्ट आहे, मामा. लई घट्ट आहे."

सिद्रामप्पाने मान वाकवून पाहिलं. साहेबरावांनी उजवा हात वर केला आणि टेबलावरच्या टाचणीचं टोक त्या हाताच्या बोटात रोवलं. त्यांचा चेहरा हललाही नाही.

"गुरुजी, मशीन म्हातारी न्हाई," ते म्हणाले. "माझी बोटं मेली. वर्ष झालं. मला लागत न्हाई म्हणून मी हिला आवळत गेलो. केवळाबाईचा टँकर मी घालवला."

गुरुजी खुर्चीवर बसले. चष्मा काढून पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "मला आधी का नाही सांगितलंत, साहेबराव?"

"तुम्ही मशीनला काय झालं ते इचारलं, गुरुजी. हाताचं कुणी इचारलंच न्हाई."

 मग सिद्रामप्पाच बोलला. "म्हणजे मी रिकाम्या टेम्पोनं परत जायचं म्हणा की!" पण तो गेला नाही. बाकावर बसून राहिला. बघायचंच होतं त्याला.

साहेबरावांनी पाना पंचशीलाच्या हातात दिला. "उजवा नट ढिला कर. पुरा न्हाई. आता स्क्रू मागं फिरव, अर्धा आटा. थांब. पट्टी घाल. ओढ."

"आली. पण सहज आली."

"मग थोडं पुढं. थोडं म्हणजे लई थोडं. आता?"

पंचशीलाने डोळे मिटले. पट्टी अडखळली, क्षणभर धरून राहिली आणि सुटली. "मामा," ती म्हणाली, "आत्ता मूठ उघडली."

मग साहेबरावांनी फळीवरून ती धूळ खात पडलेली डबी काढली. पोलादी पात्यांनी दोन्ही बाजू मोजल्या, आकडे भिंतीवर खडूने लिहायला लावले. चेंगरलेलं ब्लँकेट बदललं. दीड वाजला होता. यादी लावून नवी प्लेट चढवली. घंटा वाजली. मी सुरुवातीला घाबरत घाबरत फिरले. दुखऱ्या पायावर माणूस भार देऊन बघतो तसं. उजवीकडे दुखलं नाही. मग मी धावले. कागद सरळ धावला, एकदाही तुटला नाही. उजव्या रकान्यात गावांची नावं अशी उठली, की सिद्रामप्पाने चष्म्याशिवाय वाचून दाखवली. साहेबरावांनी पाच प्रती वेगळ्या काढल्या आणि रेणापूरच्या एसटीच्या कंडक्टरला दिल्या. "केवळाबाईच्या वस्तीवर दे. म्हणावं, छापणाऱ्यानं पाठवलंय."

त्यानंतर पाना पंचशीलाकडे राहिला. छापखान्यात बाईने मशीन चालवायची म्हणून गावात चार लोक हसले. पेपर मात्र तिचाच वाचत. साहेबरावांना गुरुजींनी जाऊ दिलं नाही. ते कागदाची रिळं बघत, आणि माझ्याजवळ उभं राहून नुसत्या आवाजावरून सांगत, "पंचशीला, डावीकडं ऐक जरा." त्यांना बसवत नसे. तीन पावलं इकडे, तीन पावलं तिकडे. आपलं काम दुसऱ्याच्या हातात बघणं सोपं नसतं, मित्रांनो. ते माझ्यासारखेच अस्वस्थ होते, आणि त्या अस्वस्थपणात आम्ही दोघांनी पुष्कळ वर्षं काढली.

पुढे गुरुजी गेले, मोठ्या शहरांचे रंगीत पेपर आले, आमचं सायंदैनिक बंद पडलं. मला इथे आणून ठेवलं. आता कोणी मला वाईट वागवत नाही. कोणी वागवतच नाही.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. घरातलं, शाळेतलं, शेतातलं एखादं यंत्र बिघडलं, तर लगेच आवळू नका. मोजा. पाणी बघा, कागद बघा, आणि ते चालवणाऱ्या माणसाचे हातही बघा. त्याला विचारा, दुखतंय का, लागतंय का. त्याला लाज वाटणार नाही अशा आवाजात विचारा.

आणि एक माझं स्वतःचं. मला इथे उभं केलं त्या दिवशी कामगार घाईत होते. त्यांनी माझे रूळ दाबावरच सोडले. तेव्हापासून दोन्ही रबरं एकाच जागी एकमेकांत रुतून बसली आहेत, त्या जागी खळगा पडत चालला आहे, आणि मला क्षणभरही चैन नाही. पाना त्या खिडकीत आहे. तुमच्या सरांना सांगा, वीज नाही, धोका नाही, दोन मिनिटांचं काम आहे. नट गंजला असेल तर थोडं तेल सोडा आणि स्क्रू अर्धा आटा मागे फिरवा. डावीकडचा आणि उजवीकडचा, दोन्ही. सारखेच.